हरवा, पण उत्तर देऊन

पुणे शहराने २०२४ साली लोकसभेत निवडून पाठवलेले मुरलीधर मोहोळ खासगी विधेयक मांडू शकत नाहीत. यात त्यांचा काही दोष नाही. ते केंद्रात राज्यमंत्री झाले, आणि मंत्रिपद आले की सभासदाचा हा हक्क सुटतो. मंत्री नसलेला प्रत्येक सभासद, मग तो विरोधी बाकावरचा असो की सत्ताधारी, संसदेच्या हिशेबी खासगी सभासद असतो. सरकारला वाटो न वाटो, त्याला गरजेचा वाटणारा कायदा तो स्वतः लिहून सभागृहापुढे ठेवू शकतो. शेजारच्या बारामती मतदारसंघाच्या सुप्रिया सुळे यांनी हा हक्क अनेकदा वापरला आहे. हिंजवडीचा संगणक उद्योग याच मतदारसंघात येतो. कामाची वेळ संपल्यावर वरिष्ठांचा फोन किंवा ई-मेल न घेण्याचा हक्क नोकरदाराला देणारे विधेयक त्यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले. ती लोकसभा मे २०१९ मध्ये विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये हाच विषय पुन्हा नव्याने मांडावा लागला.

अशा विधेयकांसाठी शुक्रवारची दुपार राखलेली असते. लोकसभेत साडेतीन वाजता आणि राज्यसभेत अडीच वाजता सरकारी कामकाज बाजूला ठेवून पुढचे अडीच तास खासगी सभासदांना द्यायचे, असा शिरस्ता आहे. एका शुक्रवारी विधेयके, पुढच्या शुक्रवारी ठराव. सतराव्या लोकसभेत, म्हणजे २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत, सातशेहून अधिक खासगी विधेयके मांडली गेली आणि त्यांतल्या फक्त दोनांवर चर्चा झाली. १९५२ पासून आजवर खासगी सभासदांची चौदा विधेयके कायदा झाली. त्यांतले शेवटचे १९७० साली झाले. त्यानंतर एकही नाही.

या आकड्यांवर अधूनमधून हळहळ छापून येते, आणि तिचा सूर ठरलेला असतो: बिचाऱ्या खासदारांची विधेयके मंजूर होत नाहीत. मला ही हळहळ चुकीच्या जागी खर्च होते असे वाटते. संसदीय पद्धतीत बहुमत सरकारकडे असते, त्यामुळे सरकारला नको असलेले विधेयक पडणार हे उघड आहे. विधेयक पडण्यात सभासदाचे फारसे नुकसान नाही. खरे नुकसान आहे ते आजकाल विधेयके पडतसुद्धा नाहीत यात. ती मांडली जातात, छापली जातात आणि सभागृहाच्या मुदतीबरोबर संपतात. कोणी ‘हो’ म्हणत नाही आणि कोणी ‘नाही’ही म्हणत नाही. भिजत घोंगडे पडते ते पडतेच. खासगी विधेयकाचे मुख्य काम सरकारकडून कारणांसकट उत्तर वसूल करणे हे आहे, आणि ते उत्तर नकाराचे असले तरी पुढे उपयोगी पडते. हे शतकापूर्वी ज्याने दाखवून दिले तो माणूस पुण्याचाच होता.

गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पासून व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात होते. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी सभासदांना सार्वजनिक हिताच्या विषयावर ठराव मांडण्याची मुभा दिली, पण त्या मंडळात सरकारी सभासदांचे बहुमत मात्र कायम ठेवले. मिळालेली मुभा गोखल्यांनी लगेच वापरली. १८ मार्च १९१० रोजी त्यांनी ठराव मांडला की, प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे कसे करता येईल याची योजना आखण्यासाठी सरकारी आणि बिनसरकारी सभासदांचा आयोग नेमावा. मागणी त्यांच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती. पुण्याच्याच जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे मांडले होते. गोखल्यांनी ती मागणी निवेदनाच्या पातळीवरून कायदेमंडळाच्या कामकाजात आणली. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले आणि गोखल्यांनी ठराव मागे घेतला. वरवर पाहता सरकारने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पण त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचे स्वतंत्र शिक्षण खाते निघाले आणि सर हारकोर्ट बटलर त्याचे प्रमुख झाले. शिक्षणाबद्दल जाब विचारायला आता एक माणूस समोर आला. आयोग मात्र नेमला गेला नाही, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी थेट विधेयकच आणले.

हे विधेयक कसे लिहिले होते ते आजच्या खासदारांनी मुद्दाम पाहावे. त्याचे प्रत्येक कलम म्हणजे पुढे येणाऱ्या एकेका आक्षेपाला आधीच दिलेले उत्तर आहे. लोकांवर जबरदस्ती होईल असे म्हणाल, तर कायदा लागू करायचा की नाही हे नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने ठरवायचे, तेही प्रांतिक सरकारच्या मंजुरीने. शाळा कुठे आहेत असे विचाराल, तर जिथे मुलांचे ठरावीक प्रमाण आधीच शाळेत जाते, गोखल्यांच्या मते साधारण एक तृतीयांश, तिथेच सक्ती. शेतावरची कामे अडतील म्हणाल, तर वयाची मर्यादा सहा ते दहा, आणि सुरुवात मुलग्यांपासून. गरिबाने फी कुठून आणायची, तर ज्याची मिळकत महिन्याला दहा रुपयांच्या वर नाही त्याला फी माफ. खर्चाचे काय, तर दोन वाटे सरकारने आणि एक वाटा स्थानिक संस्थेने उचलावा, असे गोखल्यांचे गणित होते. १९११ च्या जनगणनेत देशात लिहिता-वाचता येणारे शेकडा सहासुद्धा भरले नव्हते, आणि त्या देशात इतका भीत भीत पाऊल टाकणारा मसुदा आला होता. शत्रुपक्षाला ‘हे अव्यवहार्य आहे’ एवढे एकच वाक्य बोलून सुटता येऊ नये, अशी ती तटबंदी होती.

विधेयक मांडल्यावर ते वर्षभर देशात फिरले. प्रांतिक सरकारे, नगरपालिका, संस्था आणि जाणकार व्यक्ती यांची मते मागवली गेली. गावोगावी सभा झाल्या. मार्च १९१२ मध्ये गोखल्यांनी विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यावर दोन दिवस चर्चा झाली. पंडित मालवीय आणि जीना यांनी पाठिंबा दिला. बहुतेक प्रांतिक सरकारांचा विरोध आहे, सक्तीसाठी लोकांची खरी मागणी नाही, पैसा नाही आणि स्वेच्छेने शिक्षण वाढवण्याचा मार्ग अजून संपलेला नाही, अशी सरकारची बाजू बटलर यांनी मांडली. मते पडली: बाजूने १३, विरुद्ध ३८. बिनसरकारी सभासदही सगळे गोखल्यांच्या बाजूने उभे राहिले नाहीत.

आपला मसुदा फेटाळला जाणार हे आपल्याला माहीत आहे आणि आपल्या पिढीला अपयशातूनच देशाची सेवा करायची आहे, अशा अर्थाचे गोखले त्या वेळी बोलले. ते भाषण पुढे इतके गाजले की त्याआधीची दोन वर्षांची मेहनत झाकली गेली. वास्तविक त्या अपयशाची किंमत त्या मेहनतीमुळेच वाढली. सरकारला नकार द्यावा लागला, कारणे सांगावी लागली आणि ती छापून निघाली. एकदा कारण छापले गेले की ते कसाला लावता येते. मागणी नाही म्हणता? मग मागणी दिसेल तिथे काय करणार? स्वेच्छेने वाढ होईल म्हणता? मग किती वाढली ते सांगा. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात लोकशिक्षणासाठी पन्नास लाखांच्या अनुदानाची घोषणा झाली, आणि १९१३ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात सक्ती नाकारतानाच प्राथमिक शाळा वाढवण्याची जबाबदारी सरकारने कागदावर घेतली. गोखल्यांचा मसुदा पुढ्यात नसता तर हे याच वेळी आणि याच शब्दांत घडले असते, असे मला वाटत नाही.

गोखले फेब्रुवारी १९१५ मध्ये वारले. तीनच वर्षांनी मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांचे विधेयक मंजूर झाले आणि नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. विठ्ठलभाईही मंत्री नव्हते. पण गोखल्यांनी तडजोड म्हणून ठेवलेली फट त्या कायद्यातही राहिली, आणि तिचा अनुभव गोखल्यांच्याच गावाने घेतला. अधिकार नगरपालिकेचा, तेव्हा इच्छाही नगरपालिकेची. पुण्यात १९२० च्या सुमारास वाद पेटला तो मुलींवरून. पैसा अपुरा आहे, आधी मुलगे घ्या, असे टिळकांचे आणि त्यांच्या अनुयायांचे म्हणणे. मुलींना वगळून सक्ती नको, असे रमाबाई रानडे आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या स्त्रियांचे म्हणणे. पुण्याच्या इतिहासातली ही मोठी खडाजंगी होती. कायदेमंडळात मुलींचा प्रश्न ‘पुढे पाहू’ म्हणून मागे ठेवला, की तो शहराच्या रस्त्यावर येऊन उभा राहतो, हे तेव्हा दिसले. पुढे १९५० च्या घटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क झाला आणि शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. गोखल्यांच्या ठरावाला तेव्हा शंभर वर्षे आणि दोन आठवडे झाले होते.

एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये, म्हणून मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाकडे पाहू. त्याचे पावसाळी अधिवेशन पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. या मंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला: सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा ही ठिकाणे अस्पृश्य वर्गांना खुली असावीत. ठरावामागे कायद्याची शिक्षा नव्हती, त्यामुळे गावोगावी तो कागदावरच राहिला. पण महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर चवदार तळ्यावर गेले ते त्या नोंदलेल्या शब्दाची अंमलबजावणी मागण्यासाठीही. एका बिनसरकारी ठरावाने सत्याग्रहाला कायदेशीर जमीन दिली होती.

पुढे आंबेडकर स्वतः त्या मंडळात बसले. महार वतनाच्या जाचात सुधारणा करणारे विधेयक त्यांनी १९२८ साली आणले आणि पुढच्या वर्षी मागे घेतले. कोकणातली जमीनदारीची खोती पद्धत नष्ट करणारे विधेयक त्यांनी १९३७ मध्ये आणले. तेही मंजूर झाले नाही, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईच्या कायदेमंडळावर मोर्चा घेऊन आले. खोती १९४९ च्या कायद्याने गेली आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने. दोन्ही वेळा कायदा सरकारने केला, पण कशावर घाव घालायचा हे आंबेडकरांच्या मसुद्यांनी आधीच दाखवले होते. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी यांचीही वाट अशीच. मध्यवर्ती विधिमंडळात १९२१ मध्ये त्यांनी मांडलेल्या ठरावातून पुढे १९२६ चा कामगार संघटनांचा कायदा आला. बाळंतपणाच्या रजेबद्दलचे त्यांचे विधेयक मात्र तिथे पडले. मुंबई इलाख्यात त्याच विषयावर आर. एस. आसवले यांनी आणलेले विधेयक १९२९ मध्ये कायदा झाले.

मंजूर झालेल्या खासगी विधेयकांचाही धडा याहून फार वेगळा नाही. मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांनी हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा १९३७ साली मध्यवर्ती विधिमंडळात मंजूर करून घेतला. मूळ मसुद्यातला बराच भाग वाटेत गळाला आणि विधवेला मिळाला तो मर्यादित वाटा. पण त्या अर्धवट कायद्यातले गुंते सोडवण्यासाठीच सरकारला १९४१ मध्ये राव समिती नेमावी लागली, आणि तिच्या कामातून हिंदू कोड बिल उभे राहिले. हा सगळा काळ परक्या राज्याचा, हे विसरायला नको. धर्म आणि कुटुंब यांना हात लावायला सरकार कचरत असे, म्हणून त्या क्षेत्रात खासगी सभासदाला मोकळे रान होते. जमीन, महसूल आणि सत्ता यांचा प्रश्न आला की सरकारी मतांची भिंत उभी राही. तेव्हा त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. घेण्यासारखी गोष्ट एवढीच की, भिंत उभी राहिलेली दिसे.

स्वातंत्र्यानंतरचे उदाहरणही आपल्याच माणसाचे आहे. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै विरोधी बाकावरचे, प्रजा समाजवादी पक्षाचे. सरकार चाचपडत असताना एप्रिलमध्ये त्यांनी संसदेचा हा अधिकार स्पष्ट करणारे घटनादुरुस्ती विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर साक्षी झाल्या, सभागृहात प्रदीर्घ चर्चा झाल्या. न्यायालय मोठे की संसद, हक्क मोठे की समाजबदल, या प्रश्नांवर त्या काळातली सर्वांत गंभीर संसदीय चर्चा एका खासगी विधेयकाच्या निमित्ताने झाली. मतदानाची वेळ मात्र आली नाही. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली, विधेयक संपले आणि १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पै गेले. त्याच वर्षी सरकारने २४ वी घटनादुरुस्ती करून तोच अधिकार घटनेत लिहिला. केशवानंद भारती खटल्यात १९७३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली आणि घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादाही घातली. नाथ पै यांची भूमिका पटो न पटो, पुढे आलेल्या घटनात्मक संघर्षाची तालीम संसदेत आधीच झाली होती, आणि ती सरकारने ठरवून केलेली नव्हती.

आता आजच्या यंत्रणेत घोडे कुठे अडते ते पाहू. सभासदाने महिनाभर आधी सूचना द्यायची, मसुद्याला उद्देश आणि कारणांचे निवेदन जोडायचे. घटनादुरुस्तीचे विधेयक असेल तर लोकसभेत ते आधी खासगी विधेयकांच्या समितीने तपासायचे. मग शुक्रवारी विधेयक पुरःस्थापित होते. इथवर फारशी अडचण नसते, कारण या टप्प्यावर सहसा विरोध करायचा नाही असा संकेत आहे. खरी चाळण पुढे आहे. समिती विधेयकांची तातडी आणि महत्त्व पाहून वर्गवारी करते आणि चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. ज्यासाठी सरकारी तिजोरीतून खर्च लागेल त्या विधेयकाला राष्ट्रपतींची शिफारस लागते, म्हणजे व्यवहारात सरकारचीच. एवढ्यातून पार पडून शुक्रवार उजाडला तर तो गोंधळात बुडतो, किंवा अधिवेशनच गुरुवारी गुंडाळले जाते, किंवा अर्धे सभासद दुपारच्या विमानाने मतदारसंघाकडे निघालेले असतात. इतके करून चर्चा झालीच तर शेवटी मंत्री म्हणतात, भावना समजल्या, विधेयक मागे घ्यावे. सभासद मागे घेतो. लोकसभा विसर्जित झाली की उरलेली विधेयके संपतात, राज्यसभेत सभासद निवृत्त झाला की त्याची. दोष कुणा एका पक्षाचा नाही. १९७० नंतर दिल्लीत सगळ्या रंगांची सरकारे येऊन गेली.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला, यांतली बरीच विधेयके दिखाऊ असतात. खासदाराच्या प्रगतिपुस्तकात विधेयकांची संख्या मोजली जाऊ लागली, तेव्हापासून संख्या वाढवणे हाच काहींचा उद्योग झाला आहे. खरे आहे. पण आकडा फुगतो तो विधेयकाचे पुढे काहीच होत नाही म्हणूनच. आपल्या मसुद्यातल्या प्रत्येक कलमावर मंत्री उलटतपासणी घेणार आहे हे माहीत असेल, तर कोणी उगाच दहा मसुदे मांडणार नाही. उत्तर देण्याची सक्ती ही मांडणाऱ्यालाही शिस्त लावते.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. लोकांनी सरकार निवडले ते त्याचा कार्यक्रम राबवण्यासाठी. ज्याला बहुमत नाही त्याच्या मसुद्यांवर वेळ का घालवायचा? याला उत्तर असे की सरकार निवडले सभागृहाने, आणि सभागृह निवडले लोकांनी. सुळे यांना बारामतीने दिल्लीला पाठवले ते केवळ सरकारी विधेयकांवर हात वर करायला नाही. हिंजवडीत रात्री अकरा वाजता परदेशी ग्राहकाच्या बैठकीला बसलेल्या मुलाचा प्रश्न सरकारच्या कार्यक्रमात नसेल, तर तो सभागृहात यायला दुसरा दरवाजा कोणता? फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये आला. आपल्या सरकारला तो नको असेल, तर कदाचित सबळ कारणे असतीलही. घड्याळाच्या उलट चालणारा व्यवसाय इथून जाईल, लहान कंपन्यांना तो पेलणार नाही, हा विषय कामगार संहितांमध्ये बसवावा. पण ही कारणे मी लिहीत बसण्यात अर्थ नाही. ती मंत्र्यांनी सभागृहात उभे राहून सांगायची आहेत.

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो आणि तो मला अधिक विचार करायला लावतो. खासगी विधेयक नेहमी दुबळ्याचे हत्यार असते असे नाही. सत्ताधारी पक्षाचा सभासद सरकारला स्वतःच्या नावाने मांडायचा नसलेला विषय खासगी विधेयक म्हणून आणू शकतो आणि हवा कुठली वाहते ते पाहू शकतो. डिसेंबर २०२२ मध्ये किरोडीलाल मीणा यांनी राज्यसभेत समान नागरी कायद्यासंबंधीचे विधेयक मांडले, तेव्हा मांडण्यालाच विरोध झाला आणि ६३ विरुद्ध २३ मतांनी ते मांडले गेले. ते सत्ताधारी पक्षाचे होते. पुढे त्यावर सरकारची भूमिका काय, हे चर्चेतून सभागृहापुढे आले असते तर समर्थक आणि विरोधक दोघांचेही भले झाले असते. उत्तर वसूल करण्याचा नियम इथेही तितकाच लागू पडतो. अर्धवट उडवलेला पतंग सरकारचा असो की विरोधकाचा, त्याची दोरी कुणाच्या हातात आहे ते दिसले पाहिजे.

उत्तर मिळाले की काय होते याचे अलीकडचे उदाहरण राज्यसभेतले आहे. द्रमुकचे तिरुची शिवा यांचे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचे विधेयक २४ एप्रिल २०१५ रोजी राज्यसभेने मंजूर केले. लोकसभेत ते पुढे सरकले नाही. सरकारने आपले वेगळे विधेयक आणले आणि त्याचा २०१९ मध्ये कायदा झाला. तो कायदा अपुरा आहे असे तृतीयपंथी कार्यकर्ते म्हणतात, तेव्हा त्यांच्या हातात तुलनेसाठी राज्यसभेने मंजूर केलेला मसुदा असतो. इतर देशांत याहून पुढे जाता येते. ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशीची शिक्षा रद्द करणारा १९६५ चा आणि गर्भपाताला परवानगी देणारा १९६७ चा कायदा ही दोन्ही खासगी सभासदांची विधेयके होती. तिथे दर अधिवेशनात सोडतीने वीस सभासद निवडतात, तेरा शुक्रवार राखून ठेवतात आणि विवेकाच्या प्रश्नांवर पक्षादेश काढत नाहीत. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर सभासदाला पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देताना आपली जागा पणाला लावावी लागते. खासगी विधेयकावर पक्षादेश काढायचा नाही, एवढा संकेत सर्व पक्षांनी पाळला तरी शुक्रवारच्या दुपारला अर्थ येईल.

तेव्हा मागण्या मोजक्याच आणि साध्या असाव्यात. बुडालेला शुक्रवार त्याच अधिवेशनात भरून द्यावा. दोन-तीन वेगवेगळ्या पक्षांच्या सभासदांनी मिळून पाठिंबा दिलेल्या विधेयकाला चिठ्ठीची वाट न पाहता चर्चेचा दिवस मिळावा. त्यामुळे दिखाऊ मसुदे आपोआप मागे पडतील. मांडलेल्या प्रत्येक विधेयकावर संबंधित मंत्रालयाने ठरावीक मुदतीत लेखी भूमिका पटलावर ठेवावी: मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य, कारणांसह. आणि सभासद विसर्जनामुळे वा निवृत्तीमुळे विधेयक गमावत असेल, तर निदान ती लेखी भूमिका कामकाजात राहावी, म्हणजे पुढच्याला पहिल्या पायरीपासून चढायला नको. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. सभागृहांच्या नियमांत आणि पीठासीन अधिकाऱ्यांच्या निर्देशांत बदल केले तरी पुरेल. महाराष्ट्र विधानमंडळातल्या अशासकीय विधेयकांनाही हेच लागू करावे. तिथे अधिवेशने आधीच तोकडी, त्यात अशासकीय कामकाजाचा पहिला बळी जातो.

उरला प्रश्न खासदारांच्या तयारीचा. गोखल्यांच्या पाठीशी ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेच्या काळापासूनची निवेदने लिहिण्याची, आकडे गोळा करण्याची पुण्याची परंपरा होती. भारत सेवक समाज होता, वृत्तपत्रे होती. आज पुण्यात गोखल्यांच्या नावाची अर्थशास्त्र संस्था आहे, विधी महाविद्यालये आहेत, कामगार संघटना आहेत, संगणक अभियंत्यांचे मंच आहेत. त्यांनी मोर्चा काढून निवेदन द्यावेच. त्याबरोबर कलमवार मसुदा, खर्चाचा अंदाज आणि संभाव्य आक्षेपांची उत्तरे असा संच खासदाराच्या हातात द्यावा. खासदाराला मसुदा लिहिण्यासाठी मनुष्यबळ अपुरे असते, हे काही गुपित नाही. ज्या शहरात इतके शिकलेले लोक राहतात त्या शहराने ही उणीव भरून काढली तर ते दान नव्हे, स्वतःच्याच प्रतिनिधीकडून काम करून घेणे आहे.

आपण मात्र निवडणुकीत खासदाराला विचारतो, किती निधी आणला, किती पूल बांधले. पुलाचे काम महापालिकेचेही असते. कायदा करण्याचे काम फक्त त्याचेच. म्हणून पुढच्या वेळी तुमच्या भागातला खासदार किंवा पुण्यातून राज्यसभेवर गेलेला सभासद मते मागायला किंवा सत्कार घ्यायला आला, तर त्याला दोन प्रश्न विचारा: कोणते विधेयक मांडले, आणि त्याला सरकारने काय उत्तर दिले? पहिल्याचे उत्तर तो लगेच देईल, कारण ते त्याच्या पत्रकात छापलेले असेल. दुसऱ्यावर तो थांबला, तर ते उत्तर दिल्लीहून मिळवण्यासाठी त्याने काय केले, हे तिसरे विचारा.